समुद्रासाठी रेती

दुर्गेश्वरी लग्न होऊन फुलचूरला बोपच्यांच्या घरी आली, त्याच्या आठव्या दिवशी सासऱ्यांनी तिला अंगणात बोलावलं आणि तिच्या दोन्ही हातांत एकेक मूठ रेती ठेवली.

"सांग बेटा, यातली चांगली कोणती?"

तिने उजेडाकडे धरून पाहिलं. दोन्ही सारख्याच दिसत होत्या. लक्ष्मीचंद हसले. "डोळ्यानं नाही पाहाची. रेती कानानं पाहतेत." त्यांनी एक मूठ तिच्या कानाशी नेऊन घासली. कर्रकर्र वाजली. दुसरी घासली, ती मुकीच राहिली. "इच्यात माती हाये. हे भिंतीत घातली का दोन पावसात पोपडे आलेच समज."

लक्ष्मीचंद बोपचे चाळीस वर्षं वैनगंगेच्या घाटांचे ठेके घेत आले होते. बैलगाडीपासून सुरुवात करून टिप्परपर्यंत पोचलेला माणूस. गोंदियातल्या अर्ध्या स्लॅबमध्ये आपली रेती आहे असं ते म्हणत, आणि ते अगदीच खोटं नव्हतं. मूठभर रेती कानाशी घासून ती कोणत्या घाटाची, हे ते सांगत, आणि पैज लावणारे हरत. अलीकडे डोळ्यांत मोतीबिंदू उतरू लागला होता. डॉक्टर ऑपरेशन करा म्हणत, ते टाळत. त्यांचं काम डोळ्यांवाचून अडत नव्हतं.

दुर्गेश्वरी दवनीवाड्याच्या कटऱ्यांची मुलगी. प्राणिशास्त्रात एम.एस्सी. झालेली, तिरोड्याच्या एका कॉलेजात दोन वर्षं तासिकेवर शिकवलेली. लग्न ठरताना "नोकरीचं नंतर पाहू" असं बोलणं झालं होतं. त्या 'नंतर'ला चार वर्षं होऊन गेली. नवरा लोकेंद्र वाईट नव्हता. बापासमोर त्याचा आवाज निघत नसे, एवढंच; आणि बाप घरात नसला की तो घरातला सगळ्यात धीट माणूस असे. सासू रामकलीबाईंना सुनेकडून वेळेवर जेवण आणि डोक्यावर पदर एवढंच हवं होतं. घरात तिच्याशी चार शब्द आवडीने बोलणारं कोणी असेल तर ते लक्ष्मीचंदच. पाहुण्यांना सांगत, "आमची सून सायन्सवाली हाये. बेडकाच्या पोटात का का राहते, सगळं ठाऊक हाये तिले."

२०१०च्या दिवाळीनंतर लक्ष्मीचंद रायपूरला एका कामासाठी गेले आणि तिथल्या हॉटेलात त्यांनी खाऱ्या पाण्याची टाकी पाहिली. निळा उजेड, त्यात केशरी पट्ट्यांचे मासे, दगडावर हलणारी फुलं. ती फुलं नसून जनावरं आहेत हे हॉटेलवाल्याने सांगितलं, तेव्हा ते तासभर खुर्ची टाकून तिथेच बसले. घरी आले ते ठरवूनच. "बैठकीत समुद्र पाह्यजे. अन् त्याचं सगळं दुर्गा पाहीन."

दुर्गेश्वरीला त्या रात्री धड झोप आली नाही. ज्या जिवांची चित्रं तिने परीक्षेत पेन्सिलीने काढली होती, ते घरात येणार होते, आणि त्यांचं 'सगळं' ती पाहणार होती.

नागपूरहून हिमांशु नावाचा मत्स्यटाक्यांचा दुकानदार आला. माप घेतलं: सहा फूट लांब काच, खाली गाळणीची वेगळी टाकी, पंप, दिवे, पोत्याने मीठ. दुर्गेश्वरीने नेटवरून छापून आणलेले कागद समोर ठेवून त्याला इतके प्रश्न विचारले की तो शेवटी म्हणाला, "भाभी, आप तो दुकान खोल लो." सगळं ठरलं आणि मग हिमांशुने विचारलं, "और रेत? सफेद वाली मंगवा दूँ?"

लक्ष्मीचंदांनी त्याच्याकडे असं पाहिलं, की जणू त्याने हलवायाच्या घरी बाहेरून पेढे आणू का असं विचारलं होतं.

"रेती? अरे बावा, तू कोणाच्या घरी बसून हायेस?"

दुर्गेश्वरीने मान वर केली. कागदांत याच एका गोष्टीखाली तिने दोनदा रेघ ओढली होती. हिमांशु जेवायला बसल्यावर तिने स्वयंपाकघरातून व्हिनेगरची बाटली आणि दोन बशा आणल्या आणि सासऱ्यांच्या पुढ्यात ठेवल्या. एका बशीत हिमांशुच्या पिशवीतला पांढऱ्या रेतीचा नमुना, दुसरीत अंगणातली वैनगंगेची. दोन्हींवर व्हिनेगर ओतलं. पांढरी फसफसली. वैनगंगेची तशीच पडून राहिली.

"मामाजी, समुद्राची रेती शिंपल्यांची अन् पोवळ्यांची राहते. चुना असतो तिच्यात. तो पाण्याचा तोल धरून ठेवतो. आपली रेती म्हणजे दगडाचा चुरा. ती पाण्याला काहीच देत नाही." मग तिने फ्रिजवरचं चुंबक घेतलं आणि अंगणातल्या रेतीतून फिरवलं. चुंबकाला काळ्या कणांची लव चिकटून आली. "हे पाहा. हे खाऱ्या पाण्यात का सोडेल काही सांगता येत नाही. झिंगे, पोवळी असे जीव मरून जातात त्याने. अन् हिची धार पाहा. काही मासे रेती तोंडात घेऊन चाळतात, त्यांचं तोंड सोलून निघेल."

लक्ष्मीचंदांनी चुंबक हातात घेऊन बोटाने पुसलं. चेहरा कसनुसा झाला होता.

"म्हणजे माही रेती जहर हाये?"

"जहर नाही मामाजी. घर बांधायला तिच्यासारखी दुसरी नाही. पण ही समुद्राची नाही."

"रेती रेतीच राहते," ते म्हणाले. "मासे नदीत बी रेतीतच राहतेत. चाळीस वर्षं दुनियेले रेती पुरवली अन् माह्या घरात पाकीटबंद रेती येईन? लोकं का म्हणतीन?" त्यांनी हिमांशुकडे वळून विचारलं, "काय रे, नाही चलनार का?"

हिमांशुने घास गिळला. "चल जाएगा चाचाजी. बढ़िया से धो लेंगे."

बाहेर गाडीत बसताना त्याने दुर्गेश्वरीला हळूच सांगितलं, "नहीं चलेगा भाभी. लेकिन उनको कौन बोले?"

पुढचे पंधरा दिवस लक्ष्मीचंदांनी त्या रेतीसाठी काढले. ते स्वतः घाटावर जात, नदीच्या ऐन वळणावर गुडघाभर पाण्यात उतरून मूठ मूठ घेऊन कानाशी घासत. सगळ्यात फिकी रेती त्यांनी निवडली, तीन चाळण्यांतून काढली, घरामागच्या नळाखाली स्वतःच्या हाताने सात वेळा धुतली. मजुरांना हात लावू दिला नाही. वाळवून सहा पोत्यांत भरली, तेव्हा त्यांनी सुनेला बोलावलं आणि एक मूठ तिच्या कानाशी घासली. रेशमी लुगड्यासारखा आवाज आला.

"अशी रेती म्या जिंदगीत कोणाले देल्ली नाही," ते म्हणाले.

ती खरंच सुंदर होती. दुर्गेश्वरीला रडू आलं, कारण तिला त्या माणसाला पुन्हा एकदा 'नाही' म्हणायचं धाडस होईना.

टाकी बसवायचा दिवस आला त्याच आठवड्यात वारासिवनीला लक्ष्मीचंदांच्या पुतण्याचं लग्न निघालं. ते आणि रामकलीबाई चार दिवसांसाठी गेले. त्या संध्याकाळी लोकेंद्रने बायकोचा उतरलेला चेहरा पाहून विचारलं, आणि तिने सगळं सांगितलं.

"त मंग टाकून दे न तुझी," लोकेंद्र म्हणाला.

"अन् मामाजी?"

"बाबाले कुठं दिसते? त्या निळ्या लाईटात सगळं एकच दिसते. हात त घालू देणारच नाहीस तू पाण्यात. हिमांशुले फोन कर. फिकी पिवळी मिळत असन तर तशी आणाले सांग."

"खोटं होईल ते."

"दोन लाखाचे मासे मरण्यापेक्षा खोटं बरं. मी हावो न."

तो 'मी आहे ना' म्हणाला, म्हणून तिने फोन केला. पैसे तिने तासिकेच्या काळातल्या स्वतःच्या खात्यातून दिले. हिमांशुने दाणा कोणता हवा विचारलं. पिठासारखा बारीक पंपाच्या जोराने उडतो, जाड्या खड्यांत घाण अडकते. तिने मधला, रव्यासारखा मागवला, थोडा मलईच्या रंगाचा. तो टाकीत पसरताना तिच्या हातांना आनंद झाला हे खरं. आणि त्याच दुपारी लोकेंद्रने मागची सहा पोती उचलून कंपाउंडच्या भिंतीचं काम करणाऱ्या मिस्त्रींना दिली. ती सायंकाळपर्यंत प्लास्टरमध्ये गेली. दुर्गेश्वरीला हे दुसऱ्या दिवशी कळलं. "ठेवून का करता? दिसली असती त्याईले," लोकेंद्र म्हणाला.

लक्ष्मीचंद परत आले, टाकीसमोर वाकले, काचेला नाक लावून बराच वेळ पाहत राहिले.

"कशी शोभून राहिली माही रेती," ते म्हणाले.

दुर्गेश्वरी मागे उभी होती. तिने "हो मामाजी" म्हटलं. दोनच शब्द. पण पुढच्या वर्षभरात ते दोन शब्द तिला किती वेळा म्हणावे लागले त्याची मोजदाद नाही.

दीड महिना पाणी तयार होण्यात गेला. मग एकेक जीव आला. केशरी पट्ट्यांची जोडी, एक पिवळाधमक मासा, दगडावरची पोवळी, बोटभर लांबीचा गोबी नावाचा मासा आणि त्याच्यासोबत राहणारा झिंगा. झिंग्याला जवळजवळ दिसत नसे. तो दिवसभर रेतीत बीळ खणायचा आणि एक मिशी माशाच्या अंगाला लावून ठेवायचा. धोका दिसला की मासा शेपूट हलवायचा आणि दोघं बिळात. लक्ष्मीचंदांना हे कळल्यावर त्यांनी त्या माशाचं नाव 'चौकीदार' ठेवलं. रोज संध्याकाळी दिवे लागले की ते खुर्ची ओढून बसत आणि सुनेला विचारत, "चौकीदार ड्युटीवर हाये का?" तिला तो तास फार आवडायचा. रामकलीबाई आतून हाक मारत, "भात कोण पाहीन?" तर ते म्हणत, "राहू दे न थोडी. ते शिकवून राहिली मले."

पण ते पाहुण्यांनाही शिकवू लागले. येणाऱ्या प्रत्येकाला ते रेती दाखवत. "नागपूरवाला म्हणे, बाहेरची रेती पाह्यजे. सून बी म्हणे. म्या म्हणलो, वैनगंगा माय हाये, तिच्या रेतीत समुद्र बी जगन." गावातल्या एका वार्ताहराने ते छापलं. बातमीच्या फोटोत लक्ष्मीचंद मुठीत रेती धरून टाकीपाशी उभे होते. मुठीतली मात्र घाटावरून मुद्दाम आणलेली होती. त्यांनी कात्रण लॅमिनेट करून बैठकीत लावलं. घाटावरच्या मजुरांनाही ते सांगत, आणि भिंतीचं काम केलेले दोन मिस्त्री त्या मजुरांतलेच होते. ते ऐकून घेत आणि खाली पाहत.

दुर्गेश्वरीला आधी अपराधी वाटलं. मग सवय झाली. मग कधी कधी, तेच वाक्य विसाव्यांदा ऐकताना, तिच्या मनात काहीतरी कडू येऊ लागलं: तिने वाचलं, तिने निवडलं, रोज पाण्याचा खारेपणा तिने मोजला, आणि जिंकली ती वैनगंगेची रेती, हरलेली सून म्हणून गोष्टीत तिचा तेवढा उल्लेख. ती लोकेंद्रला म्हणाली, "सांगून टाकू या आता." तो म्हणाला, "पागल झाली का? पेपरात आलं हाये."

२०१२च्या मार्चमध्ये तुमसरचे भैय्यालाल आले. हेही रेतीचेच ठेकेदार, लक्ष्मीचंदांचे जुने दोस्त आणि तितकेच जुने प्रतिस्पर्धी. टाकी पाहून त्यांनी बोट तोंडात घातलं. सगळी गोष्ट ऐकून घेतली आणि म्हणाले, "एक मूठ काढून दे, लक्ष्मीचंद. माह्या घाटाच्या रेतीसंग मिळवून पाहतो. मलेबी असा समुद्र कराचा हाये."

"एक का, दोन घे. दुर्गा, एक वाटी रेती काढ बेटा."

"मामाजी, रेती हलवली तर पाणी गढूळ होते."

"एका वाटीनं का होते? काढ."

तिने लांब दांड्याच्या डावाने कोपऱ्यातली रेती काढली आणि धुवायला म्हणून स्वयंपाकघरात नेली. तिथे तिला सुचलं की दुसरी द्यावी. ती मागच्या दाराने अंगणात गेली. कंपाउंड कधीच बांधून झालं होतं, सगळीकडे फरशी होती. रेतीच्या ठेकेदाराच्या घरात मूठभर रेती नव्हती. तिने टाकीतली रेती धुतली, तव्यावर वाळवली, जितका वेळ लावता येईल तितका लावला. बैठकीतून दोनदा हाक आली. शेवटी ती वाटी घेऊन गेली.

लक्ष्मीचंदांनी सवयीने मूठ भरली आणि कानाशी नेली. घासली. थांबले. पुन्हा घासली. मग मूठ उघडून अंगठ्याने दाणे चोळले, हळू, एकेक. दुर्गेश्वरी दारात उभी होती. ते तिच्याकडे पाहत नव्हते.

"का झालं?" भैय्यालाल म्हणाले.

"काही नाही." लक्ष्मीचंदांनी मूठ बंद केली. "वर्षभर खाऱ्या पाण्यात राहिली न. मऊ पडली."

"दे, पाहू."

"अजून ओली हाये. वाळली का पाठवतो."

त्यांनी ती रेती कुडत्याच्या खिशात टाकली आणि भैय्यालालना फाटकापर्यंत सोडायला गेले. हसत गेले. निरोप देतानाचं त्यांचं मोठ्याने बोलणं आतपर्यंत ऐकू आलं.

जेवायला सगळे बसले तेव्हा त्यांनी खिशातली रेती ताटाशेजारी ओतली.

"हे कोणाची रेती हाये?"

रामकलीबाई एकदा नवऱ्याकडे, एकदा मुलाकडे पाहू लागल्या. दुर्गेश्वरीने लोकेंद्रकडे पाहिलं. तो पोळीचा तुकडा मोडत होता.

"म्या तिले म्हणलो होतो," लोकेंद्र म्हणाला, "बाबाले विचारून कर."

तिला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. तो मान खाली घालून पुढे म्हणाला, "ऐकलं नाही तिनं. हिमांशुले परस्पर फोन केलन."

फोन तिनेच केला होता. त्या वाक्यातला तेवढा भाग खरा होता, आणि तेवढ्यावरच तो उभा होता.

"मी टाकली, मामाजी," ती म्हणाली. "तुम्ही लग्नाला गेले होते तेव्हा."

"अन् माही?"

आता लोकेंद्रला उत्तर द्यावंच लागलं. "भिंतीत गेली. कंपाउंडच्या."

"कोणी घातली?"

"मिस्त्रीनं."

लक्ष्मीचंदांनी ताटाशेजारची रेती बोटाने एकत्र लोटली. मग म्हणाले, "म्हणजे मिस्त्रीले मालूम हाये. मजुराईले मालूम हाये. वर्षभर मी घाटावर उभा राहून बोलत होतो अन् ते ऐकून राहिले होते." ते ताटावरून उठले. सुनेला रागावले नाहीत, हात उगारला नाही, शिवी दिली नाही. त्याची तिला जास्त भीती वाटली.

सकाळी सात वाजता फाटकाशी टिप्पर उभा होता. लक्ष्मीचंद पहाटेच घाटावर जाऊन आले होते. सोबत चार मजूर, टोपली, घमेली. या वेळी निवडलेली नव्हती, चाळलेली नव्हती. घाटाची सरसकट रेती होती.

"टाकीतली काढा अन् हे टाका," ते म्हणाले.

दुर्गेश्वरी आडवी आली. "मामाजी, टाका तुम्ही. मी नाही म्हणत नाही. पण पंधरा दिवस द्या. दुसरी टाकी मांडते, सगळे जीव तिकडे नेते. ही रेती धुऊन, पाणी फिरवून..."

"कायले? तुझ्या मते मरतेत, माह्या मते जगतेत. पाहू न."

"त्यांनी तुमचं ऐकलं म्हणून ते जगणार नाहीत, मामाजी."

"हो," ते म्हणाले. "या घरात माहं ऐकून कोणीच जगत नाही, ते दिसलंच." मग आवाज खाली आणून, जणू तिला समजावत, म्हणाले, "वर्षभर म्या लोकाईले सांगतलो. आता ते खरं झालं पाह्यजे. समजलं का?"

तिला समजलं. त्यांना सूड नको होता. वर्षभराचं खोटं आता त्यांना मासे वापरून खरं करायचं होतं, आणि यापुढे कोणताही युक्तिवाद चालणार नव्हता.

तिने लोकेंद्रला शोधलं. तो बँकेत काम आहे म्हणून निघून गेला होता. हिमांशुला फोन लावला. तिसऱ्यांदा त्याने उचलला. "भाभी, मैं रायपुर में हूँ. और ये आपके घर का मामला है."

तिने पदर खोचला. मासे जाळीने काढून दोन ड्रममध्ये सोडले, पोवळी बादल्यांत ठेवली. झिंगा बिळात होता. त्याला हाताने काढायला ती खाली वाकली, तोवर मजुराचं घमेलं पाण्यात गेलं होतं. वर्षभराचा तळ ढवळला गेला; झिंगा पुन्हा दिसलाच नाही. पाणी काळं झालं, सडक्या अंड्यांचा वास बैठकीभर पसरला. रामकलीबाई नाकाला पदर लावून आत गेल्या. मजुरांना थांबवत दुर्गेश्वरी मागच्या नळावर नवी रेती धुवायला बसली. एक घमेलं, दुसरं, तिसरं. धुवावी तशी माती निघतच होती. चौथ्यावर लक्ष्मीचंद म्हणाले, "बस. नदीनं धुतली हाये ते." उरलेली तशीच ओतली गेली.

मीठ होतं तोवर, दोन दिवस, तिने ड्रममधलं पाणी बदलत ठेवलं. तिसऱ्या दिवशी मीठ संपलं, आणि ड्रममध्ये मासे वर येऊन तोंड उघडू लागले. तिने त्यांना आणि पोवळ्यांना परत टाकीत सोडलं. पाणी ताकासारखं होतं.

लक्ष्मीचंद खुर्ची टाकून बसले. त्यांना गढूळ पाण्यातलं काही दिसत नव्हतं. ते विचारत आणि ती सांगे.

"पिवळा दिसून राहिला का?"

"मेला, मामाजी."

दुसऱ्या दिवशी: "ते जोडीवाले?"

"एक मेला. एक आहे."

"चौकीदार?"

"आहे. रेतीवर नुसता बसला आहे. बीळ नाही न आता."

खोटं बोलणं तिला अवघड नव्हतं. वर्षभराचा सराव होता. "आहेत, मागे दगडाआड आहेत" म्हटलं असतं तर त्यांना ते खरं वाटलं असतं, निदान रात्रभर. तिने म्हटलं नाही. प्रत्येक मेलेला जीव तिने जाळीने काढला, बशीत ठेवून त्यांच्या हातात दिला, आणि त्यांनी तो बोटांनी चाचपून पाहिला. पोवळी मिटली ती उघडलीच नाहीत. मग ती वितळून दगडावरून ओघळली. काचेवर आणि रेतीवर तपकिरी शेवाळाचा थर चढला.

पाचव्या दिवशी दुपारी लक्ष्मीचंद म्हणाले, "दुर्गा, कर न काही."

"आता काही होत नाही."

"तुले येते न सगळं."

"येत होतं," ती म्हणाली आणि हातातली जाळी धुवायला आत गेली.

त्याच संध्याकाळी गोबी मेला. दुसऱ्या सकाळी उरलेला केशरी पट्ट्यांचा मासा.

महिनाभराने काच गोंदियातल्या एका ढाब्यावाल्याने नेली. कात्रण भिंतीवरून निघालं. कोणी विचारलं की लक्ष्मीचंद सांगत, "नागपूरवाल्यानं मीठ खराब देल्लं." लोकेंद्र मान हलवत असे. तो बायकोशी आता फार गोड वागू लागला होता. तिच्यासाठी बालाघाटहून साडी आणली, मोबाईल बदलून दिला. एकदा म्हणाला, "त्या दिवशी तोंडातून निघून गेलं. बाबासमोर माहं डोकंच चालत नाही." ती म्हणाली, "माहीत आहे." याच्यापुढे तो विषय त्याने काढला नाही आणि तिनेही नाही.

पावसाळ्याच्या आधी लक्ष्मीचंदांच्या एका डोळ्याचं ऑपरेशन झालं. पट्टी निघाल्यावर भेटायला भैय्यालाल आले. दुर्गेश्वरी चहा घेऊन बैठकीत आली तेव्हा गोष्ट टाकीवरच आली होती, आणि भैय्यालालना कुठूनतरी खरं कळलेलं दिसत होतं.

"रेतीच बदलली होती म्हणतेत पोराईनं," ते म्हणाले.

"अरे, मले जर सांगतलं असतं कोणी का समुद्राले दुसरी रेती लागते," लक्ष्मीचंद म्हणाले, "त मी कायले अडवलो असतो? मी का अडाणी हावो? चार शब्द समजावून सांगाचे होते. आजकालच्या पोराईले सांगाचं नाही, चोरून कराचं."

दुर्गेश्वरीने ट्रे खाली ठेवला. भैय्यालाल समोर असताना ती कधी बोलत नसे.

"मी सांगितलं होतं, मामाजी."

लक्ष्मीचंदांनी नव्या डोळ्याने तिच्याकडे पाहिलं. "केव्हा?"

ती त्यांच्या चेहऱ्याकडे पाहत राहिली. त्यांना लपवायचं काही नव्हतं. त्यांना खरोखर आठवत नव्हतं. तिचं बोलणं त्यांच्या कानांपर्यंत पोचलं होतं, पण आत राहिलं नव्हतं. ज्या माणसाला चाळीस वर्षांतल्या प्रत्येक घाटाचा आवाज आठवत होता, त्याला तिचं त्या दुपारचं एक वाक्यही आठवत नव्हतं.

"जाऊ द्या," ती म्हणाली. "साखर बरोबर आहे का?"

जूनमध्ये तिरोड्याच्या कॉलेजची जाहिरात आली: प्राणिशास्त्र, तासिका तत्त्वावर. तिने अर्ज लिहिला, मुलाखतीला जाऊन आली आणि नेमणुकीचं पत्र हातात पडल्यावर घरी सांगितलं. रामकलीबाई म्हणाल्या, "अन् सकाळचा डबा?" लोकेंद्र तिच्यामागे खोलीत आला. "बाबाले मी सांगू? नीट समजावून सांगतो."

"नको," दुर्गेश्वरी म्हणाली. "माझ्याबद्दल तुम्ही त्यांना काही सांगू नका. पुन्हा कधीच."

ती स्वतः बैठकीत गेली आणि उभ्यानेच सांगितलं. विचारलं नाही, सांगितलं. लक्ष्मीचंद टीव्ही पाहत होते. त्यांनी थोडा वेळ पडद्यावरच नजर ठेवली.

"रोज जाशीन?"

"रविवार सोडून."

"जा," ते म्हणाले.

त्यांनी एवढ्यावरच हो म्हटलं, ही गोष्ट तिला बसमध्ये बसल्यावर कितीतरी दिवस टोचत राहिली. पाच वर्षं ती ज्या परवानगीची वाट पाहत होती, ती एका शब्दाची होती. आणि आता ती मिळाली होती ती, तिच्याशी संध्याकाळी बोलण्यासारखं त्यांच्याकडे काही उरलं नव्हतं म्हणून.